इंजिनाचे तेल नीट कसे पाहावे



बैलगाडीच्या चाकाला वंगण कधी घालावे, हे आपल्याला शाळेत जाऊन शिकावे लागले नाही. आस कोरडा पडला, की चाक कुरकुरू लागते. थोडी वाट चालली, की कान किटतात. मग गाडीवान खाली उतरतो. गाडीखाली टांगलेली वंगणाची नळी काढतो, आसाला वंगण लावतो आणि चाक गप्प होते. चाकाला तोंड आहे. त्याला काय हवे, ते ओरडून मागते.

इंजिनाचे तसे नाही. जीप असो, टेंपो असो, ट्रॅक्टर असो, त्याच्या पोटातले तेल कमी होत जाते, तरी ते कालच्यासारखेच चालत राहते. ओझे ओढते, घाट चढते, कुरकुर करीत नाही. आणि ज्या दिवशी पोटातून खडखड ऐकू येते, त्या दिवशी बहुधा वेळ निघून गेलेली असते. तेलाला काही शे रुपये लागतात. इंजिन खोलून पुन्हा बांधायला हजारो रुपये लागतात. गाडी कर्जावर घेतलेली असेल, तर ती मिस्त्रीच्या दारात उभी राहते आणि हप्ता मात्र उभा राहत नाही.

म्हणून इंजिनाला आपणच विचारावे लागते, "बाबा रे, तेल पुरेसे आहे का?" विचारायचे साधन इंजिनातच बसवलेले असते. ती एक लोखंडी पट्टी. पण तिला विचारण्याची रीत आहे. रीत सोडून विचारले, तर पट्टी खोटे सांगते. खोट्या उत्तरावर विश्वास ठेवून माणूस नको तेव्हा तेल ओततो, किंवा हवे तेव्हा ओतत नाही. आज आपण ती रीत शिकू.

तेल इंजिनात काय करते?

इंजिनात पिस्टन असतो, म्हणजे दट्ट्या. तो नळकांड्यात वर-खाली धावतो. त्याच्या जोराने क्रँक नावाचा दांडा गरगर फिरतो आणि त्या फिरण्यातून चाक फिरते. हा दांडा किती वेगाने फिरतो, ऐका. गाडी साध्या वेगाने चालली असता तो मिनिटाला सुमारे २००० फेरे घेतो. ६० ने भागून पाहा. एका सेकंदाला ३३ फेरे झाले. आपण "एक" म्हणेपर्यंत दट्ट्या तेहतीस वेळा वर जाऊन खाली आला!

लोखंडावर लोखंड इतक्या वेगाने घासले, तर काय होईल? विळ्याला सहाणेवर धार लावताना तो किती तापतो, ते आठवा. म्हणून दोन भागांच्या मध्ये तेलाचा पापुद्रा ठेवतात. हा पापुद्रा आपल्या केसापेक्षाही पातळ असतो. त्याच्यावर दांडा तरंगत फिरतो.

तेल आणखीही कामे करते. ते आतली उष्णता वाहून नेते. काजळी आणि झिजेचा चुरा धुऊन आणते. लोखंडाला गंज चढू देत नाही.

हे तेल इंजिनाच्या तळाशी एका भांड्यात साठलेले असते. मिस्त्री लोक त्याला चेंबर म्हणतात. इंजिन सुरू झाले, की आतला एक छोटा पंप चेंबरमधले तेल ओढतो. जाळीतून आणि फिल्टरमधून गाळून ते वर पाठवतो. तेल सगळीकडे फिरते आणि पुन्हा ठिबकत चेंबरमध्ये येते. विहिरीवरच्या पंपासारखेच हे काम आहे. फरक एवढाच, की इथे शेताला दिलेले पाणी पुन्हा विहिरीतच येते.

कमी वाईट, तसे जास्तही वाईट

विहिरीचे पाणी खाली गेले आणि पंपाचे तोंड उघडे पडले, तर पंप हवा ओढतो. इंजिनाचेही तसेच होते. तेल कमी असले, की सपाट रस्त्यावर कसेबसे भागते. पण घाटात गाडी तिरकी होते, वळणावर तेल एका बाजूला सरकते, आणि पंपाचे तोंड उघडे पडते. कसारा घाट असो की खंबाटकी, चढावर इंजिनाला जोर जास्त लागतो. नेमक्या त्याच वेळी त्याला तेल मिळत नाही. बेअरिंग घासते, तापते आणि शेवटी इंजिन जाम होते.

हे ऐकून कोणी म्हणेल, "मग गुरुजी, भरपूरच ओतून ठेवू की! जास्त झालं म्हणून काय बिघडलं?"

बिघडते, दादा. तेल फार वर आले, की फिरणारा क्रँक त्याच्यात बुडतो आणि रवीने ताक घुसळावे तसे तेल घुसळतो. ताकाला फेस येतो, तसा तेलालाही येतो. फेस म्हणजे निम्मी हवा. पंप तो फेसच वर पाठवतो. चेंबर भरलेले असूनही बेअरिंग उपाशी राहते. शिवाय आतला दाब वाढतो. जास्तीचे तेल सीलमधून बाहेर झिरपते किंवा जळते. मागे निळसर धूर दिसू लागतो. डिझेल इंजिनात तर आणखी एक भय आहे. जास्तीचे तेल हवेच्या वाटेने आत शिरले, तर इंजिन तेच तेल जाळून धावत सुटते. मग चावी बंद केली तरी ते बंद होत नाही.

म्हणून तेल कमी नको आणि जास्तही नको. ते दोन खुणांच्या मध्ये असावे. आणि ते तिथे आहे की नाही, हे अंदाजाने कळत नाही. मापानेच कळते.

पट्टी कशी असते?

गाडीचे बॉनेट उघडा. इंजिनाच्या कडेला एक लहान कडी किंवा मूठ दिसेल. पुष्कळ गाड्यांत ती पिवळी किंवा नारिंगी असते. ती धरून ओढली, की लांब, पातळ पट्टी बाहेर येते. तिला डिपस्टिक म्हणतात. मिस्त्री नुसते गेज म्हणतात. आपण तिला पट्टी म्हणू.

पट्टीच्या खालच्या टोकाजवळ दोन खुणा असतात. कुठे दोन रेघा असतात, कुठे दोन भोके, कुठे मधला भाग जाळीसारखा खरबरीत केलेला असतो. काही पट्ट्यांवर इंग्रजी अक्षरे असतात. 'एफ' किंवा 'मॅक्स' ही वरची खूण. 'एल' किंवा 'मिन' ही खालची खूण. वरची म्हणजे "पुरे, आता घालू नका." खालची म्हणजे "याखाली जाऊ देऊ नका."

एक सांभाळा. काही गाड्यांत गिअरच्या तेलाची पट्टी वेगळी असते. दोन पट्ट्या दिसल्या, तर इंजिनाची कोणती, हे आधी मिस्त्रीला विचारून घ्या.

पाहण्याआधी तीन गोष्टी

पट्टी खोटे का सांगते? बहुतेक वेळा या तीन गोष्टी चुकल्यामुळे.

पहिली गोष्ट, जागा. परातीत पाणी घ्या आणि एक कड उचला. एका बाजूला पाणी काठापर्यंत येते, दुसऱ्या बाजूला तळ उघडा पडतो. पाणी तेवढेच आहे, पण काडी बुडवाल तिथे वेगळे माप मिळेल. गाडी उतारावर उभी असली, की चेंबरमधल्या तेलाचे असेच होते. पट्टी पुढच्या अंगाला असेल आणि गाडीचे तोंड खाली असेल, तर तेल जास्त दिसेल. तोंड वर असेल, तर कमी दिसेल. म्हणून गाडी सपाट जागेवर उभी करा. अंगण उताराचे असेल, तर रस्त्याकडेची, देवळापुढची, जी सपाट असेल ती जागा निवडा. हँडब्रेक ओढा.

दुसरी गोष्ट, थांबणे. विहिरीवर पंप चालू होता आणि तुम्ही तो आत्ताच बंद केला. लगेच पाणी मोजले, तर ते खाली गेलेले दिसेल. तासाभराने झरे भरून येतील आणि पाणी वर दिसेल. इंजिनातही गाडी बंद करताच बरेच तेल वरच्या भागात अडकलेले असते. ते ठिबकत खाली यायला वेळ लागतो. लगेच पाहाल, तर तेल कमी दिसेल. म्हणून इंजिन बंद केल्यावर पाच ते दहा मिनिटे थांबा. तेवढ्यात पाणी प्या, टायर बघा. पण थांबा.

तिसरी गोष्ट, इंजिन थंड की गरम. तापलेले तेल फुगते. चेंबरमध्ये ५ लिटर तेल आहे असे धरा. ते ३० अंशावरून ९० अंशापर्यंत तापले, तर सुमारे २०० मिलिलिटरने फुगते. म्हणजे एक पेलाभर फरक पडला. काही गाड्यांच्या पुस्तकात "इंजिन थंड असताना पाहा" असे लिहिलेले असते. काहींत "गरम करून, बंद करून, मग पाहा" असे असते. ज्या गाडीचे जे पुस्तक सांगते, ते खरे. पुस्तक हाताशी नसेल, तर सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी पाहावे. रात्रभरात सगळे तेल खाली उतरलेले असते. मात्र रोज तशीच सवय ठेवा. आज गरम, उद्या थंड असे करू नका. मग कमी झाले ते तेल, की बदलली ती आपली वेळ, हेच कळत नाही.

पाहण्याची रीत

आता हात चालवू. एक स्वच्छ, धुतलेली चिंधी घ्या. जुन्या धोतराचा किंवा सुती लुगड्याचा तुकडा चांगला. कापसाचा बोळा नको. त्याचे तंतू पट्टीला चिकटून आत जातात.

१. इंजिन बंद आहे ना, चावी काढली आहे ना, ते पाहा. बॉनेट उघडून त्याचा टेकू नीट लावा.

२. पट्टीच्या मुठीभोवतीची धूळ पुसा. नाहीतर ती धूळ पट्टीबरोबर आत जाईल.

३. पट्टी बाहेर काढा. या वेळी काहीही वाचू नका. पट्टी नुसती पुसून कोरडी करा.

४. पुसलेली पट्टी पुन्हा आत घाला. शेवटपर्यंत घाला. मूठ नळीच्या तोंडावर नीट टेकली पाहिजे. बोटभर वर राहिली, तर माप बोटभर चुकले.

५. क्षणभर थांबून पट्टी सरळ बाहेर काढा. उलटी करू नका. टोक खालीच असू द्या. टोक वर केले, तर तेल मुठीकडे ओघळते आणि पातळी वर दिसते.

६. उजेडाकडे धरून पट्टीच्या दोन्ही बाजू पाहा.

७. शंका वाटली, तर पुसून पुन्हा करा. दोनदा सारखे उत्तर आले, की ते खरे माना.

पहिल्यांदा का वाचायचे नाही? पुन्हा विहिरीकडेच चला. पाणी किती खोल आहे, ते दोर सोडून मोजता. पण दोर आधीच वरपर्यंत भिजलेला असेल, तर पाणी कुठवर लागले, हे कसे कळणार? आधी कोरडा दोर हवा. चालत्या इंजिनात तेल उडत असते. त्यामुळे पट्टी वरपर्यंत माखलेली असते. ती पुसल्याशिवाय तिचे उत्तर खरे नाही.

दोन्ही बाजू का पाहायच्या? पट्टी नळीतून वर येताना नळीच्या तेलकट भिंतीला एका बाजूने घासते. त्या बाजूला तेल वरपर्यंत लागते. एक बाजू उंच आणि एक खाली दिसली, तर खालची खरी माना. सलग, एकसारखी ओली रेघ जिथपर्यंत आहे, तिथपर्यंतच तेल. वरचे तुटक थेंब आणि शिंतोडे मोजू नका.

तेल नुकतेच बदलले असेल, तर ते इतके स्वच्छ असते, की पट्टीवर दिसतच नाही. तेव्हा पट्टी थोडी तिरकी धरून उजेडात पाहा. ओला भाग चमकतो. आणखी एक. तेल आणि फिल्टर बदलल्यावर इंजिन एक-दोन मिनिटे चालवा, बंद करा, थांबा आणि पुन्हा पाहा. नवा फिल्टर स्वतः थोडे तेल पिऊन घेतो. तेवढी पातळी खाली जाते.

खुणा काय सांगतात?

तेल दोन खुणांच्या मध्ये कुठेही असेल, तर ठीक आहे. वरच्या खुणेजवळ असले तर उत्तम. पण प्रत्येक वेळी वरच्या खुणेला चिकटलेच पाहिजे, असा हट्ट नको.

तेल खालच्या खुणेवर आले किंवा तिच्याखाली गेले, तर तेल घालायचे. खालच्या खुणेवर असणे म्हणजे चेंबर रिकामे झाले, असे नव्हे. खाली अजून तेल असते. पुष्कळ मोटारींत दोन खुणांमधले अंतर म्हणजे सुमारे १ लिटर तेल. पण सगळ्या गाड्यांना हे माप लागू नाही. लहान इंजिनात कमी, मोठ्यात जास्त. आपल्या गाडीच्या पुस्तकात ते पाहून ठेवा.

आता चुकीच्या मापाने काय होते, त्याचा हिशेब करू. समजा, एका जीपवाल्याने बाजारातून येताच गाडी बंद केली आणि लगेच पट्टी ओढली. पुसून घाईने आत घालून पुन्हा पाहिली. गाडी थोडी चढावर उभी होती. पट्टीवर तेल खालच्या खुणेखाली दिसले. त्याने घाबरून एक लिटर ओतले. खरे तेल दोन खुणांच्या बरोबर मधोमध होते. मधोमध म्हणजे अर्धा लिटर कमी. अर्धा लिटर हवे होते, एक लिटर ओतले. आता तेल वरच्या खुणेच्या अर्धा लिटर वर गेले. तेलाचे पैसे गेले आणि इंजिनात फेस मात्र आला. दहा मिनिटे थांबला असता, तर दोन्ही वाचले असते.

तेल कसे घालावे?

तेल पट्टीच्या नळीतून घालायचे नसते. इंजिनाच्या वरच्या अंगाला तेलाचे झाकण असते. त्यावर तेलाच्या झारीचे चित्र असते. ते उघडा. स्वच्छ नरसाळे लावा. एकदम ओतू नका. पाव लिटर घाला, पाच मिनिटे थांबा आणि पट्टीने पुन्हा पाहा. आमटीत मीठ घालताना सुगरण काय करते? आधी थोडे घालते, मग चव घेते. घातलेले काढता येत नाही, हे तिला ठाऊक असते. तेल जास्त झाले, तर ते खालच्या नटातून काढावे लागते. ते मिस्त्रीचे काम. काम झाल्यावर झाकण घट्ट लावा. पट्टी पूर्ण आत बसवा.

तेल कोणते? इथे तुमचे वाचन कामाला येईल. डब्यावर '१५ डब्ल्यू ४०' असे काहीतरी छापलेले असते. हा तेलाच्या पातळ-घट्टपणाचा आकडा. 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीत तेल किती वाहते, ते सांगतो. दुसरा आकडा तापल्यावर ते किती घट्ट राहते, ते सांगतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जो आकडा आणि जी जात लिहिली आहे, तेच तेल मागा. दुकानदार म्हणेल, "हेही चालतं." तुम्ही डबा हातात घ्या आणि स्वतः वाचा. सील फुटलेले नाही ना, तेही पाहा.

तेल वाढलेले दिसले तर

तेल कमी होणे समजते. ते थोडे जळते, थोडे गळते. पण न घालता पातळी वाढली, तर आनंद मानू नका. घरात कोणी न आणता धान्य वाढत नाही. दुसरे काहीतरी आत शिरले आहे.

तेल दुधाळ, चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळले असण्याचा संभव आहे. रेडिएटरचे पाणी फुटलेल्या गॅस्केटमधून आत येते. अशा वेळी इंजिन सुरूच करू नका. मिस्त्रीला बोलवा.

तेल पातळ झाले आणि त्याला डिझेलचा वास आला, तर डिझेल मिसळले आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियमांच्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या. त्यांच्यातल्या पुष्कळ डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळीची गाळणी असते. साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी मधूनमधून जास्तीचे डिझेल वापरते. गाडी नेहमी थोडेच अंतर चालवून बंद केली, तर ते जळण्याचे काम अर्धवट राहते. मग काही डिझेल तेलात उतरते आणि पातळी वाढते. तेल वरच्या खुणेच्या वर गेले, तर ते बदलून घ्यावे.

डिझेल इंजिनाचे तेल काळे दिसले, तर मात्र घाबरू नका. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. नवे तेलही थोड्याच दिवसांत काळे होते. नुसत्या रंगावरून तेल बदलायचे नसते. पुस्तकात जेवढे किलोमीटर, तास किंवा महिने सांगितले असतील, तेवढे भरले की बदलायचे. पण तेलात चकाकणारा लोखंडी चुरा दिसला, तर मिस्त्रीला दाखवा.

लाल दिव्याच्या भरवशावर राहू नका

कोणी म्हणेल, "गुरुजी, पट्टी कशाला? तेल कमी झालं की लाल दिवा लागतो की!"

हा गैरसमज पुष्कळांचा आहे. बहुतेक गाड्यांत झारीच्या चित्राचा तो लाल दिवा तेलाची पातळी सांगत नाही. तो तेलाचा दाब सांगतो. पंप तेल वर ढकलतो आहे तोवर दिवा विझलेला राहतो. तेल खालच्या खुणेखाली गेले, तरी पंपाला ते मिळते आहे तोवर दिवा लागणार नाही. तो लागतो, तेव्हा बेअरिंगला तेल पोचेनासे झालेले असते. म्हणजे दिवा हा आगीचा बंब आहे. पट्टी ही चूल नीट विझली का, ते पाहणारी घरची बाई आहे.

चावी फिरवल्यावर हा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. वाटेत तो लागला, तर "गाव जवळच आहे, पोचू" असे म्हणू नका. गाडी कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. इंजिन कधीकधी शेवटच्या एका मैलातच जाते.

मोटरसायकल आणि ट्रॅक्टर

मोटरसायकल बाजूच्या स्टँडवर तिरकी उभी असते. तशी पाहू नका. मधल्या स्टँडवर सरळ उभी करा. तिची पट्टी झाकणालाच जोडलेली असते आणि झाकणाला आटे असतात. पुष्कळ मोटरसायकलींत मोजताना आटे न फिरवता झाकण नुसते टेकवायचे असते. काहींत रीत वेगळी असते. पुस्तकात पाहून एकदा खात्री करून घ्या. काहींत पट्टीऐवजी काचेची खिडकी असते.

ट्रॅक्टर दिवसभर ढेकळांत आणि धुळीत चालतो. तो रोज सकाळी पाहावा. तो बांधावर तिरका उभा करून पाहू नये. मोटार दर आठवड्याला आणि लांबच्या प्रवासाआधी पाहावी. जुन्या इंजिनाला जास्त वेळा विचारावे. काही नव्या मोटारींत पट्टी नसते, पातळी पडद्यावर दिसते. विजेवरच्या गाडीला मात्र इंजिनच नाही, तिला हे तेल लागत नाही.

काढलेले काळे तेल ओढ्यात, विहिरीजवळ टाकू नका. जनावरांच्या जखमेला लावू नका. ते विषारी असते. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. हात साबणाने धुवा.

एक वही ठेवा

आता शेवटची गोष्ट. एकदा पाहिलेली पातळी फक्त आजचे सांगते. लिहून ठेवलेली पातळी इंजिनाची चाल सांगते. गाडीत एक लहान वही आणि पेन्सिल ठेवा. तिच्यात चार गोष्टी लिहा. तारीख. किलोमीटर किंवा तास. तेल कुठे होते. किती घातले. उदाहरणार्थ असे:

५ तारीख. ४२,१०० कि.मी. वरच्या खुणेवर. घातले नाही.
१२ तारीख. ४२,६०० कि.मी. मधोमध. घातले नाही.
१९ तारीख. ४३,१०० कि.मी. खालच्या खुणेवर. घातले, पाऊण लिटर.

या तीन ओळी वाचा. दर ५०० किलोमीटरला अर्धी पट्टी तेल जाते आहे. हे जास्त आहे. कुठेतरी गळते किंवा जळते आहे. गाडी उभी असते तिथे जमिनीवर डाग आहे का? मागे निळा धूर आहे का? वही घेऊन मिस्त्रीकडे गेलात, तर तो तुम्हाला नुसते "बघू" म्हणणार नाही. तुमच्या हातात लेखी हिशेब आहे.

काल-परवापर्यंत हा हिशेब डोक्यात ठेवावा लागे आणि डोके विसरे. आता तुम्हाला तारीख लिहिता येते, आकडा वाचता येतो. डब्यावरचे नाव दुसऱ्याला विचारावे लागत नाही. मग गाडीचे हित दुसऱ्याच्या तोंडावर का सोडावे?

सांगा पाहू

१. पट्टी पहिल्यांदा काढल्यावर का वाचू नये?
२. गाडी बंद केल्याबरोबर पाहिले, तर तेल कमी दिसेल की जास्त? का?
३. पट्टीच्या एका बाजूला तेल उंच आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसले. कोणते खरे?
४. लाल दिवा पातळी सांगतो की दाब?
५. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीचे तेल आज पाहा आणि वहीत पहिली ओळ लिहा.